कायद्यात नसलेला शब्द

एफआयआरची प्रत हातात आली तेव्हा मी आधी कलम पाहिलं नाही. ती बाबांपासून कुठे लपवता येईल, ते पाहिलं.

माझे बाबा अंबाझरीच्या आयुधनिर्माणीत टर्नर होते. १९७१ साली लागले, २००७ साली निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत लेथवर आपण नेमकं काय कातत होतो, हे त्यांनी घरी एकदाही सांगितलं नाही. लहानपणी मी विचारायचो, "बाबा, आज काय बनवलं?" ते म्हणायचे, "लोखंड." क्वार्टरमधल्या सगळ्या घरांत हेच उत्तर मिळायचं. गेटवर डब्याची पिशवी तपासली जायची, आणि गेटाजवळ मोठा फलक होता. आत येण्यास आणि फोटो काढण्यास मनाई, असं त्यावर हिंदी, इंग्रजी आणि मराठीत लिहिलेलं. ‘प्रतिबंधित’ हा शब्द मी शाळेच्या पुस्तकाआधी त्या फलकावर वाचला.

त्या माणसाच्या मुलावर आता गुन्हा दाखल झाला होता. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३, कलम ३. हे कलम हेरगिरीचं आहे.

झालं ते असं. शहराबाहेरच्या एका लेआउटमध्ये आमचा दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट आहे, बाबांच्या फंडाच्या पैशातून घेतलेला. २०२२ च्या फेब्रुवारीत कोणीतरी त्याचं तारेचं कुंपण उपटलं आणि आत दोन ट्रक विटा आणून टाकल्या. मी तिकडच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी कळलं की हा दिवाणी मामला आहे. तिसऱ्या दिवशी गेलो, तर ज्यांच्यावर माझा संशय होता ते गृहस्थ आधीच आत खुर्चीवर बसलेले. मला उभं ठेवून ‘आपसात मिटवा’ सुरू झालं. मी लेखी अर्ज पुढे केला आणि म्हटलं, घेत असाल तर पोच द्या, घेत नसाल तर तसं लिहून द्या. अर्ज माझ्याकडे परत सरकवला गेला. तेव्हा मी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. लपवून नाही, छातीसमोर धरून.

"काय करून राहिला बे? बंद कर तो फोन."

"साहेब, मी फक्त पोच मागून राहिलो."

तीन मिनिटांनी फोन माझ्या हातात नव्हता. संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. घरी सोडलं तेव्हा फोन जप्त झाला होता, आणि पोच काही मिळाली नव्हती. चार दिवसांनी कळलं की माझ्यावर गुन्हा नोंदवला आहे. पोलीस ठाणे हे प्रतिबंधित क्षेत्र असल्याचे माहीत असूनही आरोपीने तेथील चित्रीकरण केले, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं.

अटकपूर्व जामीन सत्र न्यायालयातून मिळाला. त्या दिवसांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. नागपूरच्या महाल भागात माझा छोटा ऑफसेट छापखाना आहे. लग्नसराई तोंडावर, पत्रिकांचे सगळे मजकूर आणि प्रूफं त्या फोनमध्ये. अकरा गिऱ्हाइकांना मी स्वतः जाऊन सांगितलं की मजकूर पुन्हा द्या. का, ते सांगितलं नाही. पण बातमी पोचायची तिथे पोचलीच, आणि बाबांनाही कळलं. ते काही बोलले नाहीत. फक्त दोन दिवस ते अंगणात बसले नाहीत, कारण समोरच्या घरात त्यांच्याच सेक्शनमधले एक जुने सहकारी राहतात.

ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी पेपरात बातमी आली. आमच्याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलैमध्ये दिलेल्या एका निकालाची होती. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून एका माणसावर हाच कायदा, हेच कलम लावलं होतं. न्यायमूर्ती मनीष पितळे आणि न्यायमूर्ती वाल्मिकी मेनेझेस यांनी तो गुन्हा रद्द केला होता. कारण एका ओळीत सांगता येईल असं होतं: कायद्यात ‘प्रतिबंधित ठिकाणा’ची जी व्याख्या आहे, तिच्यात पोलीस ठाणे नाही. बातमी मी उभ्यानेच तीनदा वाचली. मग कात्री घेऊन कापली.

वकील मॅडमचं ऑफिस धरमपेठेत. जामिनाच्या वेळी त्या नव्हत्या. कात्रण घेऊन मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कात्रण बाजूला ठेवलं आणि कायद्याचं पातळ पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. म्हणाल्या, "निकाल नंतर पाहू. आधी हे तुम्ही वाचा. छापखाना आहे न तुमचा? प्रूफ तपासता तसं वाचा."

कलम २, उपकलम ८. अर्धं पान. तो पाऊण तास मला अजून आठवतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

व्याख्येचे चार भाग आहेत. पहिल्यात संरक्षणाची बांधकामं, शस्त्रागार, नौदल, लष्कर आणि हवाई दलाची ठाणी, सुरुंगक्षेत्र, छावणी, जहाज, विमान, लष्करी तार आणि टेलिफोन, सरकारी वायरलेस किंवा सिग्नल स्टेशन, दारूगोळा बनवण्याचे किंवा साठवण्याचे कारखाने आणि गोद्या. दुसऱ्यात सरकारी मालकीच्या नसलेल्या, पण सरकारसाठी युद्धसाहित्य बनवणाऱ्या जागा. तिसऱ्यात अशा सरकारी जागा, ज्या केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून प्रतिबंधित म्हणून जाहीर केल्या आहेत. चौथ्यात रेल्वे, रस्ते, पाणी, वीज यांची कामं, तीही अशाच अधिसूचनेने जाहीर केलेली. आणि शेवटच्या दोन्ही भागांत एक अट आहे: त्या अधिसूचनेची प्रत इंग्रजीत आणि त्या भागातल्या भाषेत तिथे लावलेली असली पाहिजे.

या अटीपाशी मी थांबलो. मला फॅक्टरीचं गेट दिसलं. तीन भाषांतला तो फलक लहानपणी मला दरडावणीसारखा वाटायचा. १९२३ सालच्या, इंग्रजांनी केलेल्या कायद्यानेसुद्धा एवढी काळजी घेतली होती की, ज्या जागेत पाय टाकल्यावर माणूस गुन्हेगार ठरू शकतो, त्या जागेने आधी त्याला त्याच्या भाषेत सांगावं. ठाण्यात असा फलक नव्हता. उलट, महिलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक होता आणि नागरिकांच्या हक्कांचा तक्ता होता.

"आता सुरुवातीचा शब्द पाहा," मॅडम म्हणाल्या. "‘प्रोहिबिटेड प्लेस मीन्स’. ‘इन्क्लूड्स’ नाही लिहिलं."

दोन्हींतला फरक त्यांनी समजावला. व्याख्या ‘इन्क्लूड्स’ने, म्हणजे ‘यात याचाही समावेश आहे’ अशी सुरू झाली, तर यादी उघडी असते. यादीत नसलेली, पण त्याच जातीची गोष्ट आत घेता येते. व्याख्या ‘मीन्स’ने, म्हणजे ‘याचा अर्थ हाच’ अशी सुरू झाली, की यादी तिथेच बंद. संसदेने दार लावून घेतलं. न्यायालयाला किंवा पोलिसाला त्यात आणखी एक नाव लिहिता येत नाही. आणि कायदा शिक्षेचा असेल तर मुळीच नाही.

मी विचारलं, शिक्षेच्याच कायद्याला हा वेगळा नियम का? त्यांनी १९५४ चा एक खटला सांगितला, तोलाराम विरुद्ध मुंबई राज्य. मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्यात भाडेपट्टा देताना पागडी घेणं गुन्हा होता. एका घरमालकाने इमारत पुरी होण्याआधीच, पुढे जागा भाड्याने देण्याच्या करारावर पैसे घेतले. गुन्हा झाला का? सर्वोच्च न्यायालय म्हणालं, भाडेपट्टा देणं वेगळं आणि पुढे देण्याचा करार करणं वेगळं. कायद्याचा हेतू पागडी थांबवण्याचा असेल, पण हेतू साधायचा म्हणून शब्द ताणता येणार नाही. दंडाच्या तरतुदीचे दोन वाजवी अर्थ निघत असतील, तर न्यायालयाने माणसाला शिक्षेतून सोडवणाऱ्या अर्थाकडे झुकावं. सत्तर वर्षं हा निकाल वकिलांच्या तोंडी आहे.

"कारण सोपं आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही वाचलेल्या कायद्यात जे लिहिलं नाही, त्यासाठी तुम्हाला तुरुंगात टाकलं, तर तुम्ही वागायचं कसं?"

अर्ज करायचा ठरला. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२, म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार (१ जुलै २०२४ पासून हीच तरतूद नव्या संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे). भजनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर कधी रद्द करता येतो याचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यातला पहिला आमचा होता: एफआयआरमधलं अक्षर न् अक्षर खरं मानलं तरी गुन्हा बनत नाही. म्हणजे मी व्हिडिओ काढला नाही, असं मला म्हणायचंच नव्हतं. काढला. पुढे?

नोंदणी शाखेने पहिल्यांदा अर्ज परत केला. काही पानं अस्पष्ट होती, आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडायचं होतं. भाषांतर करणारे बाहेर मिळतात, पण एफआयआरचा पहिला कच्चा खर्डा मीच केला. रात्री छापखान्यात बसून केला. ‘प्रतिबंधित क्षेत्र’ या शब्दांवर हात अडला. ठाण्यातल्या अंमलदाराने हे शब्द बोलीतल्या अर्थाने लिहिले असणार, जसं आपण ‘इथे थुंकण्यास प्रतिबंध’ लिहितो. भाषांतरात मात्र ते थेट ‘प्रोहिबिटेड प्लेस’ होतात आणि एका बंद यादीचं दार ठोठावतात. माझ्या धंद्यात एक शब्द चुकला तर पत्रिका पुन्हा छापावी लागते. इथे एका शब्दाच्या सैल वापराने हेरगिरीचं कलम लागलं होतं. काही गुन्ह्यांत या कलमाची शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते, इतर बाबतींत तीन. माझ्या बाबतीत तीनच लागली असती, असं म्हणून मला झोप लागत नव्हती.

डिसेंबरात अर्ज दाखल झाला. क्रिमिनल ॲप्लिकेशन, नागपुरात त्याला एपीएल म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, आला. सरकारला नोटीस निघाली, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय दोषारोपपत्र दाखल करू नये, एवढा तात्पुरता दिलासा मिळाला. पुढचे सात महिने तारखांचे. आदल्या संध्याकाळी बोर्ड पाहायचा, आपला नंबर शोधायचा, सकाळी सिव्हिल लाइन्सला जायचं, पास काढायचा, नंबर यायच्या आत न्यायालय उठलं की परत. ती इमारत मी आयुष्यभर बाहेरून पाहत आलो. ६ जानेवारी १९४० ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तिचं उद्घाटन केलं, आणि नागपूर उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती सर गिल्बर्ट स्टोन तिला पाषाणातलं काव्य म्हणाले होते. खरंच सुंदर आहे. उन्हाळ्यात आत दगडाचा गारवा असतो. पण बाकावर बसून नंबराची वाट पाहणाऱ्याला घुमट आठवत नाही. दाराबाहेरच्या लाल आकड्यांवरून नजर हटत नाही.

एका तारखेहून परतलो तेव्हा बायकोने जेवताना विचारलं. ती बालवाडीत शिकवते, आणि हा प्रश्न तिच्या मनात बरेच दिवस असावा.

"मला एक सांगा न. दोन वर्षांपूर्वी याच कोर्टाने तो निकाल दिला होता. लहान मुलीच्या अंगाला कपड्यांवरून हात लावला तर पॉक्सो लागत नाही म्हणून. तेव्हा तुम्हीच पेपर फेकला होता. तेही शब्दावरच सोडलं होतं न? मग आता तुम्ही शब्दावर सुटाल, तर ते चांगलं कसं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोळी ताटात तशीच राहिली.

तो निकाल १९ जानेवारी २०२१ चा, नागपूर खंडपीठाच्या एकल न्यायमूर्तींचा. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा. त्याच्या कलम ७ मधल्या लैंगिक हल्ल्यासाठी त्वचेचा त्वचेशी स्पर्श हवा, असा अर्थ त्यात लावला गेला. कलम ८ ची किमान तीन वर्षांची शिक्षा काढून भारतीय दंड विधानाच्या कलम ३५४ खाली एक वर्षाची ठेवली. शिक्षा कडक म्हणून पुरावाही काटेकोर हवा, हाही त्यातला एक आधार होता. वरवर पाहिलं तर माझ्या अर्जातलाच युक्तिवाद. शिक्षेचा कायदा घट्ट वाचा.

पुढच्या भेटीत मी मॅडमना हे जसंच्या तसं विचारलं. त्यांनी कलम ७ उघडलं आणि पुन्हा मलाच वाचायला लावलं. लैंगिक हेतूने स्पर्श करणं, किंवा लैंगिक हेतूने अशी कोणतीही दुसरी कृती करणं जिच्यात शारीरिक संपर्क येतो. दोनदा वाचलं.

"त्वचा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

नव्हती. त्या कलमात त्वचा हा शब्दच नाही. तो बाहेरून आणून घातला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द केला आणि पॉक्सोखालची शिक्षा पुन्हा लावली, तेव्हा हेच सांगितलं: या गुन्ह्यातला महत्त्वाचा घटक लैंगिक हेतू आहे, त्वचेचा संपर्क नाही. ज्या मुलांना वाचवण्यासाठी कायदा केला, त्यांनाच उघडं पाडेल असा संकुचित अर्थ लावता येणार नाही. शब्द स्पष्ट असताना न्यायालयाने संदिग्धता निर्माण करायची नसते.

रात्री बायकोला सांगितलं, तुझा प्रश्न बरोबर होता. ठाण्याने माझ्या बाबतीत जे केलं, तेच त्या निकालाने त्या मुलीच्या बाबतीत केलं. दोघांनी कायद्यात नसलेला शब्द कायद्यात घातला. ठाण्याने यादीत ‘पोलीस ठाणे’ लिहिलं आणि मला अडकवलं. त्या निकालाने ‘त्वचा’ लिहिलं आणि आरोपीला पॉक्सोतून सोडवलं. घट्ट वाचणं म्हणजे आरोपीला कशीही वाट काढून देणं नव्हे. जे लिहिलंय ते पूर्ण वाचायचं, आणि जे नाही ते लिहायचं नाही. तोलारामचा नियमही दोन अर्थ खरोखर निघत असतील तेव्हाचा आहे, ओढूनताणून दुसरा अर्थ काढल्यावरचा नाही. माझा अर्ज फक्त मी सुटावा म्हणून नाही, हे मला त्या रात्री कळलं. ती म्हणाली, "आता पटलं." आणि माझ्या ताटात गरम पोळी वाढली.

ऑगस्टमध्ये अंतिम सुनावणी झाली. दोन न्यायमूर्तींचं पीठ. उभं राहून ऐकायला मिळालं ती मिनिटं बाराच असतील.

सरकारी वकिलांनी बाजू नेटाने मांडली, हे कबूल केलं पाहिजे. ठाण्यात शस्त्रं असतात, कोठडी असते, खबऱ्यांची ये-जा असते, पीडित महिला येतात. तिथे कोणीही चित्रीकरण करू लागलं तर काय होईल? मग त्यांनी माझ्या अपेक्षेत नसलेला मुद्दा काढला. व्याख्येच्या पहिल्याच भागात सरकारी ‘वायरलेस किंवा सिग्नल स्टेशन’ आहे. प्रत्येक ठाण्यात वायरलेस संच असतो. म्हणून ठाणे व्याख्येत येतं.

माझ्या पोटात गोळा आला. वाचताना मी त्या शब्दांवरून सरळ पुढे गेलो होतो.

मॅडम शांत होत्या. त्यांनी सांगितलं की शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतो. या शब्दांच्या आजूबाजूला शस्त्रागार आहे, लष्करी तार आहे, सुरुंगक्षेत्र आहे. त्या रांगेतलं वायरलेस स्टेशन म्हणजे ज्या जागेचं कामच संदेशवहन आहे, ती जागा. संच ठेवला म्हणून जागा स्टेशन होत नाही. तसं धरलं तर गस्तीची प्रत्येक जीपही प्रतिबंधित ठिकाण होईल, आणि तिच्याजवळून जाणारा प्रत्येक माणूस संशयित. मग त्यांनी परमवीर सिंग सैनी प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा आदेश दाखवला. त्यात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे सीसीटीव्ही लावायला सांगितले आहेत, प्रवेशदारापासून कोठडीपर्यंत. चित्रीकरण झाल्यानेच राज्याची सुरक्षा धोक्यात येते, हे त्या आदेशापुढे टिकत नव्हतं. आणि कलम ३ ला मुळात राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक असा उद्देश लागतो. पोच मागण्यात तो कुठला?

न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना एकच प्रश्न विचारला. हे ठाणे प्रतिबंधित जाहीर करणारी केंद्राची अधिसूचना आहे का? त्यांनी मागे उभ्या असलेल्या तपास अधिकाऱ्यांकडे पाहिलं. नव्हती.

आदेश तिथेच, भर न्यायालयात सांगून टाइप करवला गेला. इंग्रजी वेगात होतं, मला तुटक तुटक कळत होतं. ‘रूल ॲब्सोल्यूट’ ऐकलं तेव्हा अर्थ कळला नाही. मॅडमच्या क्लार्कने माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यावरून कळला: अर्ज मंजूर, गुन्हा रद्द.

प्रमाणित प्रत नऊ दिवसांनी मिळाली. सहा पानं. वर्ध्याच्या निकालाचा आधार, व्याख्या पूर्ण उतरवलेली, आणि निष्कर्ष. बाहेर येऊन मी सहाही पानं वाचली.

इथे एक सांगायला हवं. ठाण्यात जाऊन फोन काढून काहीही करा, असा या निकालांचा अर्थ नाही. अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं वेगळा गुन्हा आहे, धमकावणं वेगळा, कामात अडथळा आणणं वेगळा, आणि त्या कलमांना त्यांची त्यांची शिक्षा आहे. ज्याने ते केलं, त्याच्यावर ते लावा. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठानेही पाथर्डीच्या एका प्रकरणात गुपिते कायद्याचं कलम काढलं, पण धमकीचा आरोप खटल्यात पाहायला सोडून दिला. मला ते योग्य वाटतं. पोलीस ठाण्यांना प्रतिबंधित करावं असं सरकारला वाटत असेल, तर केंद्राने अधिसूचना काढावी आणि ठाण्याच्या दारावर मराठीत लावावी. मग तो फलक वाचून कोण तक्रार द्यायला आत जाईल, हेही तेव्हा पाहावं.

घरी आलो तेव्हा बाबा अंगणात बसले होते. मी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांना इंग्रजी वाचता येतं, कारखान्याच्या ड्रॉइंगांमुळे. पण म्हणाले, "तू वाच न, मराठीत सांगत सांगत." मी व्याख्येपर्यंत आलो. शस्त्रागार, दारूगोळ्याचे कारखाने. तिथे त्यांनी हात वर केला.

"हे आमचं," ते म्हणाले.

"हो बाबा. हे तुमचं."

"अन् ठाणं?"

"नाही त्यात."

त्यांनी मान हलवली आणि पुढे वाचायला सांगितलं. समोरच्या काकांनी विचारलं, काय वाचून राहिले? बाबांनी त्यांना हात करून बोलावलं, आणि मला पहिल्या पानापासून पुन्हा वाचावं लागलं.

फोन परत मिळायला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करावा लागला. दीड वर्ष मुद्देमालात पडलेला, बॅटरी पार उतरलेली. रात्रभर चार्जिंगला लावला. सकाळी व्हिडिओ सापडला. बाबांनी चष्मा लावला. तीन मिनिटं. सुरुवातीला माझा अंगठा, मग छताचा पंखा, टेबल, टेबलाच्या कडेला माझा अर्ज, खुर्चीवर बसलेल्या त्या गृहस्थांचा गुडघा. आणि माझा आवाज, मला वाटला होता त्यापेक्षा खूप हळू: साहेब, मी फक्त पोच मागून राहिलो.

बाबांनी तो पुन्हा लावायला सांगितला. संपल्यावर फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, "मग त्या अर्जाचं काय झालं?"

काही झालं नव्हतं. विटा अजून प्लॉटवरच होत्या.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज नव्याने टाइप केला. बाबा म्हणाले, मीही येतो. ठाणे तेच, बाक तोच. टेबलामागचे अंमलदार नवे होते, तरुण. त्यांनी अर्ज वाचला, दोन प्रश्न विचारले, शिक्का उचलला, दुसऱ्या प्रतीवर उमटवला, सही केली, तारीख घातली. ती प्रत बाबांनीच हातात घेतली. शिक्क्यावरची शाई वाळेपर्यंत उभे राहिले, मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.